अवकाशातली गॅमा दुर्बीण कशाच्या शोधात आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये रामबाग, राजेंद्रनगर भागातल्या मराठी मंडळींसमोर खगोलशास्त्रावर बोललं की काही प्रश्न हमखास येतात. त्यांची उत्तरं इथे सवडीने दिली आहेत. बोलणं मुख्यतः फर्मी या अवकाश दुर्बिणीबद्दल आहे. ११ जून २००८ रोजी फ्लोरिडातल्या केप कॅनव्हेरलवरून ती सुटली. नासा, अमेरिकेचं ऊर्जा खातं आणि फ्रान्स, जर्मनी, इटली, जपान, स्वीडन इथल्या संस्थांनी मिळून ती बांधली. गॅमा किरणांमधलं, म्हणजे सर्वात जास्त ऊर्जेच्या प्रकाशातलं, जे आकाश आज आपल्याला ठाऊक आहे, ते बहुतांशी तिनेच दाखवलं आहे.

कॅन्सरच्या उपचारात वापरतात ते गॅमा किरण आणि हे एकच का?

जात एकच, ऊर्जेत मात्र फार अंतर. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाची, म्हणजे फोटॉनची, ऊर्जा जेमतेम दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचं एकक) असते. दवाखान्यातल्या कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची ऊर्जा ११ ते १३ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरात जाते. फर्मीचं मुख्य उपकरण सुरूच होतं २ कोटींपासून आणि पोचतं ३०० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्याही पुढे. तिचं दुसरं, छोटं उपकरण खालची बाजू सांभाळतं: ८ हजारांपासून ४ कोटींपर्यंत. गॅमा किरणांचे क्षणिक स्फोट टिपणं हे त्याचं खास काम.

दुर्बीण वरच का पाठवायची? पचमढीच्या डोंगरावर नसती का ठेवता आली?

आपल्या डोक्यावरची हवा गॅमा किरणांच्या दृष्टीने सुमारे दहा मीटर पाण्याइतकी जाड आहे. ते वरच्या थरातच हवेच्या अणूंवर आदळून संपतात, आणि ते आपल्या जिवाला चांगलंच आहे. म्हणून फर्मी साधारण ५५० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीची एक फेरी मारते.

पण पचमढीचं नाव घेणाऱ्यांना मी नेहमी सांगतो की तुमचा अंदाज अगदीच चुकलेला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पचमढीला खरोखरच २५ दुर्बिणींची रांग उभारली होती. अतिशय ऊर्जावान गॅमा किरण हवेत संपतो तेव्हा कणांची एक सर कोसळते आणि निळसर प्रकाशाची लखलख होते. ती एका सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरतीच टिकते. त्या लखलखीवरून मूळ किरणाची दिशा आणि ऊर्जा काढता येते. माऊंट अबूला भाभा अणुसंशोधन केंद्राची टॅक्टिक दुर्बीण हेच काम करत आली आहे. लडाखमधल्या हानले इथे, ४,२०० मीटरहून जास्त उंचीवर, २१ मीटर व्यासाची मेस दुर्बीण आहे. तिचं उद्घाटन ४ ऑक्टोबर २०२४ रोजी झालं. आशियातली ती या प्रकारातली सर्वात मोठी आहे.

फरक असा की जमिनीवरच्या या दुर्बिणी काळोख्या, निरभ्र रात्रीच काम करतात आणि एका वेळी आकाशाचा लहानसा तुकडा पाहतात. फर्मीला एका नजरेत आकाशाचा पाचवा भाग दिसतो आणि दोन फेऱ्यांमध्ये, म्हणजे साधारण तीन तासांत, सबंध आकाश तिच्या नजरेखालून जातं. दिवस, रात्र, पावसाळा यांचा तिला काही फरक पडत नाही. तिच्या यशाचं मोठं कारण हेच आहे असं मला वाटतं. कुठे बघायचं ते आधी ठरवावं लागत नाही, त्यामुळे ज्याची कुणी वाटही पाहत नव्हतं तेही तिला दिसतं.

तिचं मुख्य उद्दिष्ट एका वाक्यात सांगता येईल का?

निसर्गातले कणत्वरक, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या जागा, शोधणं आणि ते कसे चालतात हे समजून घेणं.

आता जरा खुलासा. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस तापलेला आहे, म्हणून तो दिसणारा प्रकाश देतो. एखादी वस्तू नुसती तापवून फर्मीला दिसतील असे अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे गॅमा किरण काढायचे तर तापमान काही लाख कोटी अंश लागेल. इतकं तापलेलं आज विश्वात काही नाही. म्हणजे जिथून असे किरण येतात तिथे उष्णतेखेरीज दुसरं काही तरी चाललं आहे: चुंबकीय क्षेत्रं आणि आघातलाटा थोड्याशा कणांना निवडून प्रचंड वेग देत आहेत.

आणि हे समजायला इंदूरकरांइतकं सोयीच्या जागी कुणी नाही. राजेंद्रनगरच्या पुढे आपली कॅट आहे, म्हणजे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. तिथल्या इंडस-२ या यंत्रात इलेक्ट्रॉन १७२ मीटर घेराच्या कड्यात फिरतात आणि त्यांची ऊर्जा अडीच अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेली जाते. चुंबकांनी त्यांची वाट वळवली की ते क्ष-किरण सोडतात, आणि त्या किरणांवर देशभरातले संशोधक काम करायला इथे येतात. वळणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनमधून प्रकाश निघण्याची हीच क्रिया वृषभ राशीतल्या खेकडा तेजोमेघात, म्हणजे एका फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषात, चालू आहे. तिथे इलेक्ट्रॉनची ऊर्जा इंडस-२ च्या लाखो पट आहे, त्यामुळे क्ष-किरणांबरोबर गॅमा किरणही निघतात. माणसाने बांधलेली यंत्रं कशी चालतात ते आपण जाणतो. त्या तेजोमेघातलं यंत्र इतकी ऊर्जा नेमकी कशी देतं, ते अजून पूर्ण कळलेलं नाही.

दुर्बिणीला एनरिको फर्मी यांचं नाव देण्यामागेही हाच धागा आहे. अवकाशातल्या हलत्या चुंबकीय क्षेत्रांवर पुन्हा पुन्हा आपटून कण कसे वेग पकडत असतील, याची कल्पना त्यांनी १९४९ मध्ये मांडली होती.

गॅमा किरण आरशावरून परतत नाहीत, भिंगात वाकत नाहीत. मग ही दुर्बीण कसली?

बाहेरून पाहिलं तर दुर्बीण म्हणावंसं वाटणार नाही असाच तो चौकोनी ठोकळा आहे. आत चार गुणिले चार असे १६ मनोरे. प्रत्येकात टंगस्टनचे पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये सिलिकॉनच्या बारीक पट्ट्या. गॅमा किरण टंगस्टनच्या अणुकेंद्राजवळून जाताना नाहीसा होतो आणि त्याच्या ऊर्जेतून एक इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन जन्माला येतो. आइन्स्टाइन यांच्या ऊर्जा-वस्तुमान समीकरणाचं हे अगदी रोकडं उदाहरण. ही जोडी सिलिकॉनच्या थरांतून जाताना खुणा सोडत जाते, त्यावरून मूळ किरणाची दिशा कळते. तळाशी सीझियम आयोडाइडचे स्फटिक असतात, ते उरलेली ऊर्जा शोषून मोजतात.

खरी कसोटी वेगळीच आहे. अवकाशात विद्युतभारित कणांचा मारा गॅमा किरणांच्या हजारो पट असतो. ते वेगळे काढले नाहीत तर सगळी मोजमापं वाया. म्हणून सगळ्या मनोऱ्यांवर विशिष्ट प्लॅस्टिकच्या ८९ फरश्यांचं आवरण आहे. विद्युतभारित कण त्यातून गेला तर फरशी चमकते आणि ती नोंद बाद होते. गॅमा किरणाला भार नसतो, त्यामुळे तो फरशी न चमकवता आत शिरतो.

दिशा किती अचूक कळते, हे ऊर्जेवर अवलंबून आहे. जास्त ऊर्जेच्या किरणांची दिशा अंशाच्या दहाव्या भागापर्यंत सांगता येते, कमी ऊर्जेच्या किरणांत काही अंशांची चूक राहते. पूर्ण चंद्र अर्धा अंश रुंद दिसतो हे लक्षात घेतलं की अडचण कळते.

मग सापडलेल्या प्रत्येक ठिपक्याचा मालक कोण, हे कसं ठरवतात?

नेहमीच ठरत नाही. संध्याकाळी राजवाड्याच्या गर्दीत मागून कुणी तरी "अहो काका" अशी हाक मारली तर बाजू कळते, पण नेमका माणूस ओळखायला वळून चेहरे बघावे लागतात. इथेही तेच करतात. त्या बाजूला रेडिओ दुर्बिणी, क्ष-किरण दुर्बिणी, साध्या प्रकाशाच्या दुर्बिणी वळवतात आणि तिथे संशयास्पद असं काय आहे ते पाहतात.

फर्मीच्या आधीच्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या एग्रेट उपकरणाने १९९१ नंतरच्या काळात २७१ गॅमा स्रोतांची यादी दिली होती. त्यातल्या निम्म्याहून जास्त स्रोतांचा मालक अज्ञात होता. ही कोडी सोडवणं फर्मीच्या कागदोपत्री उद्दिष्टांत होतं. तिची यादी आता ७,००० च्या पुढे गेली आहे. बरीच जुनी कोडी सुटली आणि आकाशाच्या फार मोठ्या भागातून शेकडो नवी कोडी आली.

वैश्विक किरण कुठून येतात, हे तिने सोडवलं का?

बरंचसं. मला या सगळ्या कामगिरीत सर्वात सुंदर वाटणारं काम हेच आहे.

व्हिक्टर हेस १९१२ मध्ये फुग्यातून पाच किलोमीटरच्या वर गेले आणि त्यांना आढळलं की किरणोत्सर्ग वर जावं तसा वाढतो. म्हणजे तो बाहेरून येतो आहे. पुढे कळलं की हे वैश्विक किरण म्हणजे मुख्यतः प्रोटॉन आहेत, प्रकाशाच्या जवळपास वेगाने येणारे. पण आकाशगंगेतली चुंबकीय क्षेत्रं त्यांची वाट इतकी वाकडी करतात की पृथ्वीवर पोचलेल्या प्रोटॉनच्या दिशेवरून त्याचं मूळ गाव कळत नाही. संशय अनेक दशकं अतिनवताऱ्यांच्या अवशेषांवर होता. मोठा तारा फुटला की त्याची आघातलाट हजारो वर्षं पसरत राहते, आणि ती कणांना वेग देऊ शकते. हिशोब जुळत होता. पुरावा मात्र नव्हता.

गॅमा किरण सरळ रेषेत येतात, त्यामुळे मूळ जागा ते दाखवतात. पण गॅमा किरण वेगवान इलेक्ट्रॉनमधूनही निघतात आणि वेगवान प्रोटॉनमधूनही. अवशेष चमकतो एवढ्यावरून आत प्रोटॉन आहेत असं म्हणता येत नाही. तो भेद असा काढला: वेगवान प्रोटॉन आजूबाजूच्या वायूवर आदळला की पायॉन नावाचा अल्पायुषी कण तयार होतो आणि तो लगेच दोन गॅमा किरणांत फुटतो. पायॉनचं वस्तुमान ठरलेलं असल्यामुळे या गॅमा किरणांचा आलेख सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या खाली झपाट्याने उतरतो. इलेक्ट्रॉनमधून निघालेल्या किरणांचा तसा उतरत नाही.

हा उतार दिसायला कमी ऊर्जेच्या किरणांचं मोजमाप अचूक लागतं, आणि दुर्बिणीची नजर तिथेच सर्वात पुसट असते. चार वर्षांची निरीक्षणं साठवून, विश्लेषण पुन्हा घासूनपुसून, फेब्रुवारी २०१३ मध्ये निकाल आला. मिथुन राशीतला आयसी ४४३ आणि गरुड तारकासमूहातला डब्ल्यू ४४ या दोन अवशेषांत तो उतार स्पष्ट दिसला. प्रोटॉनला वेग देणारी निदान ही दोन ठिकाणं नक्की झाली, हेस यांच्या उड्डाणानंतर १०० वर्षांनी.

बाकी काय राहिलं? सर्वात ऊर्जावान वैश्विक किरण, ज्यांच्यापुढे मानवनिर्मित सर्वात मोठा त्वरकही फिका पडतो, ते या अवशेषांतून येत नसावेत. त्यांचा शोध चालू आहे.

कृष्णविवरातून प्रकाशही सुटत नाही म्हणतात. मग तिथून गॅमा किरण कसे येतात?

ते आतून येतच नाहीत. दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या, मध्यभागी सूर्याच्या लाखो ते अब्जावधी पट वजनाची कृष्णविवरं असतात. त्यांच्यात कोसळण्याआधी वायू भोवती फिरतो आणि काही ठिकाणी दोन्ही ध्रुवांच्या बाजूंनी कणांचे झोत प्रकाशाच्या जवळपास वेगाने बाहेर फेकले जातात. असा झोत नेमका आपल्या दिशेने असेल तर त्या वस्तूला ब्लेझर म्हणतात. फर्मीच्या यादीतले निम्म्याहून जास्त स्रोत ब्लेझर आहेत.

२२ सप्टेंबर २०१७ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात पुरलेल्या आइसक्यूब या शोधयंत्राने एक अतिऊर्जावान न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता आरपार जाणारा भाररहित कण, पकडला. त्याच्या दिशेला फर्मीच्या नोंदीत टीएक्सएस ०५०६+०५६ नावाचा ब्लेझर होता, आणि त्या महिन्यांत तो नेहमीपेक्षा जास्त भडकलेला होता. इतका ऊर्जावान न्यूट्रिनो वेगवान प्रोटॉनच्या टकरींतूनच निघतो, इलेक्ट्रॉनमधून नाही. म्हणजे त्या झोतात प्रोटॉनही वेग घेत असावेत. एका घटनेवरून फार मोठं विधान करायला शास्त्रज्ञ बिचकतात, आणि ते योग्यच आहे. पण वाट सापडली.

२०२२ च्या कोजागिरीला काय झालं होतं?

९ ऑक्टोबर २०२२, कोजागिरी. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास फर्मीवर आणि इतर उपग्रहांवर गॅमा किरणांचा असा लोंढा आला की शोधयंत्रांची मोजण्याची क्षमताच संपली. जीआरबी २२१००९ए हा आजवर नोंदला गेलेला सर्वात तेजस्वी गॅमा किरण स्फोट. इतका तेजस्वी स्फोट साधारण १०,००० वर्षांतून एकदा दिसावा असा अंदाज आहे. तो प्रकाश सुमारे १९० कोटी वर्षं प्रवास करून आला होता, तरीही त्याने पृथ्वीच्या आयनावरणात, म्हणजे हवेच्या सर्वात वरच्या विद्युतभारित थरात, खळबळ माजवली.

इंदूरकरांना हे सांगताना मला फार आनंद होतो: स्फोटाची जागा अभिजित आणि श्रवण या ताऱ्यांच्या दरम्यान होती, आणि हिशोब केला तर त्या क्षणी ती आपल्या शहराच्या जवळजवळ डोक्यावर येते. गच्चीवर दूध आटवायची तयारी चालू असताना ते किरण वरच्या हवेत संपत होते.

असे स्फोट पहिल्यांदा कळले तेही शोध न घेता. अणुचाचणीबंदीचा करार कुणी मोडत नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने सोडलेल्या वेला उपग्रहांना १९६७ मध्ये अवकाशातूनच आलेला एक झोत दिसला. ती माहिती १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. फर्मी आता वर्षाला २०० हून जास्त स्फोट नोंदते. लांबलेले स्फोट बहुधा प्रचंड तारा कोसळून कृष्णविवर होताना घडतात. दोन सेकंदांच्या आतले बहुतेक स्फोट दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे फुटलेल्या मोठ्या ताऱ्यांच्या उरलेल्या अतिदाट गाभ्यांच्या, टकरीतून होतात अशी कल्पना होती.

ती कल्पना १७ ऑगस्ट २०१७ ला खरी ठरली. अमेरिकेतल्या लायगो या शोधयंत्रांनी गुरुत्वीय लहरी, म्हणजे अशा टकरींमुळे अवकाशातच उठणारे तरंग, टिपल्या आणि टकरीनंतर १.७ सेकंदांनी फर्मीला छोटा गॅमा स्फोट दिसला. जागा होती १३ कोटी प्रकाशवर्षांवरची एनजीसी ४९९३ ही दीर्घिका. १३ कोटी वर्षांच्या प्रवासात दोघांमध्ये फरक १.७ सेकंदांचा, म्हणजे गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशाइतकाच आहे, हे एका घटनेने सिद्ध झालं. पुढच्या दिवसांत त्या जागेच्या प्रकाशात जड मूलद्रव्यं तयार होत असल्याच्या खुणा दिसल्या. सराफ्यात विकल्या जाणाऱ्या सोन्यातलं काही सोनं फार पूर्वी अशाच टकरींत घडलेलं आहे.

या कथेचा पुढचा भाग आपल्या घरचा आहे. लायगो-इंडिया हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ती उभारणाऱ्या चार प्रमुख संस्थांपैकी एक म्हणजे इंदूरची कॅट. हिंगोलीची यंत्रं चालू झाली की टकरीची जागा आकाशात कितीतरी नेमकी सांगता येईल आणि गॅमा दुर्बिणींच्या नोंदीशी ती लगेच ताडून पाहता येईल.

आइन्स्टाइन यांना तपासून पाहिलं म्हणतात, ते काय?

वेगवेगळ्या ऊर्जेचा प्रकाश निर्वात पोकळीत एकाच वेगाने जातो का, हा प्रश्न. अवकाशाचा पोत अतिसूक्ष्म पातळीवर खडबडीत असेल तर जास्त ऊर्जेचा किरण किंचित मागे पडावा, असं काही सिद्धांत सांगतात. १० मे २००९ च्या स्फोटातला ३१ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचा एक फोटॉन, ७ अब्ज वर्षांहून जास्त प्रवास करून, लाखो पट कमी ऊर्जेच्या फोटॉनच्या एका सेकंदाच्या आत पोचला. त्या सिद्धांतांपैकी सर्वात साधे त्या दिवशी बाद झाले.

स्पंदक, म्हणजे पल्सार, यांचं काय? त्यांच्यासाठी तर रेडिओ दुर्बिणी आहेत.

आहेत, आणि आपली नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी त्यात आघाडीवर आहे. पल्सार म्हणजे वेगाने गिरक्या घेणारा न्यूट्रॉन तारा, दीपगृहासारखे झोत फिरवणारा. पण पल्सारचा रेडिओ झोत अरुंद असतो. तो आपल्याकडे वळला नाही तर तारा दिसतच नाही. गॅमा किरणांचा झोत रुंद असतो. फर्मीने सुरुवातीच्या महिन्यांतच सीटीए १ या अवशेषात केवळ गॅमा किरणांत धडधडणारा पल्सार शोधला. तिच्या आधी गॅमा पल्सार हातांच्या बोटांवर मोजण्याइतके होते. २०२३ च्या यादीत ते २९४ झाले, आणि त्यातले जवळजवळ निम्मे सेकंदात शेकडो गिरक्या घेणारे आहेत.

दोन्ही दुर्बिणी मिळून काय होतं त्याचं छान उदाहरण: फर्मीने दाखवलेल्या एका अनोळखी ठिपक्याकडे जीएमआरटी वळवली आणि तिथे पीएसआर जे१५४४+४९३७ हा पल्सार सापडला. तो आपल्या छोट्या जोडीदाराला हळूहळू झिजवतो आहे.

कृष्णद्रव्य सापडलं का हो?

नाही. आणि हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण अधूनमधून सापडल्याच्या बातम्या फिरत असतात.

कृष्णद्रव्य म्हणजे प्रकाश न देणारं, फक्त गुरुत्वाकर्षणावरून जाणवणारं द्रव्य. त्याचे कण एकमेकांना भेटून नष्ट होत असतील तर गॅमा किरण निघावेत, असा तर्क आहे. आकाशगंगेच्या मध्याकडून अपेक्षेपेक्षा जास्त गॅमा किरण येतात, हे २००९ पासून दिसत आलं आहे. तो जादा प्रकाश कृष्णद्रव्याचा की न दिसणाऱ्या हजारो जुन्या पल्सारांचा, यावर वाद आहे. मध्यभागी गर्दी फार, तिथे निवाडा अवघड. म्हणून आकाशगंगेभोवतीच्या छोट्या खुज्या दीर्घिका पाहिल्या: तिथे कृष्णद्रव्य भरपूर आणि पल्सार जवळजवळ नाहीत. तिथून काही आलं नाही. त्यामुळे हलक्या कणांच्या बऱ्याच शक्यता बाद झाल्या आहेत. मला स्वतःला पल्सारची बाजू जास्त पटते, पण तो पटण्याचा भाग झाला, पुराव्याचा नव्हे.

जे यादीत नव्हतं असं काय सापडलं?

सर्वात मोठं म्हणजे फर्मी बुडबुडे. २०१० मध्ये डग्लस फिंकबायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दुर्बिणीच्या चमूत नसताना, सर्वांसाठी खुल्या नोंदींतून ते शोधले. आकाशगंगेच्या मध्यापासून वर आणि खाली प्रत्येकी २५,००० प्रकाशवर्षं पसरलेले दोन फुगे. आपल्या मध्यवर्ती कृष्णविवराने काही दशलक्ष वर्षांपूर्वी झोत सोडला होता की तिथे असंख्य तारे एकदम जन्मले-फुटले, हे अजून ठरायचं आहे.

मार्च २०१० मध्ये जपानी हौशी निरीक्षकांनी व्ही४०७ सिग्नी हा तारा अचानक उजळल्याचं पाहिलं. असा साधा नवतारा गॅमा किरण देईल असं कुणालाही वाटलं नव्हतं. फर्मीला तो दिसला, आणि त्यानंतर असे अनेक. पृथ्वीवरच्या गडगडाटी वादळांमधूनही गॅमा किरणांचे क्षणिक झोत येतात, आणि त्यांच्याबरोबर पॉझिट्रॉन, म्हणजे प्रतिद्रव्य, वर फेकलं जातं. हे फर्मीच्या छोट्या उपकरणाने दाखवलं.

आणखी एक काम मला फार मोलाचं वाटतं. दूरच्या ब्लेझरांचे गॅमा किरण वाटेत ताऱ्यांच्या प्रकाशाशी टकरून थोडे कमी होतात. ७३९ ब्लेझरांतली ही घट मोजून २०१८ मध्ये विश्वातल्या सर्व ताऱ्यांनी आजवर सोडलेल्या एकूण प्रकाशाचा अंदाज काढला गेला.

अमावस्येला चंद्र दिसतो, हे खरं?

गॅमा किरणांत, हो. चंद्राला हवा नाही, त्यामुळे वैश्विक किरण थेट त्याच्या पृष्ठभागावर आदळतात आणि तिथून गॅमा किरण निघतात. सूर्यप्रकाशाशी त्याचा संबंध नाही, म्हणून कलाही नाहीत. फर्मीला चंद्र रोज पौर्णिमेचाच दिसतो.

इतक्या वर्षांत काही बिघाड?

ठरवलेलं आयुष्य पाच वर्षांचं, आशा दहा वर्षांची. दोन्ही मुदती कधीच उलटल्या. एप्रिल २०१२ मध्ये निकामी सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस १८०५ शी टक्कर होण्याची शक्यता दिसली तेव्हा दुर्बिणीचे रॉकेट एक सेकंदभर चालवून तिला बाजूला काढलं. मार्च २०१८ मध्ये एका सौरपॅनेलची फिरण्याची यंत्रणा अडकली. तेव्हापासून आकाश न्याहाळण्याची पद्धत थोडी बदलावी लागली, काम थांबलं नाही.

यात भारताचं काय?

जमिनीवरच्या दुर्बिणींचं वर आलंच. अवकाशात दोन गोष्टी सांगण्यासारख्या. इटलीचा ३५२ किलोचा अजिले हा गॅमा उपग्रह २३ एप्रिल २००७ रोजी श्रीहरिकोट्याहून आपल्या पीएसएलव्हीने नेला. २०१० मध्ये याच अजिलेने खेकडा तेजोमेघ अचानक भडकल्याचं सांगितलं आणि फर्मीने त्याला दुजोरा दिला. तोपर्यंत हा तेजोमेघ इतका स्थिर मानला जायचा की त्यावरून इतर उपकरणं पारखत असत. दुसरी गोष्ट ॲस्ट्रोसॅट. २८ सप्टेंबर २०१५ ला सोडलेली ही आपली वेधशाळा मुख्यतः क्ष-किरण आणि अतिनील किरणांची आहे, पण तिच्यावरच्या कॅडमियम-झिंक-टेल्युराइड उपकरणाने शेकडो गॅमा स्फोट टिपले आहेत. मुंबई आयआयटीच्या पुढाकाराने दक्ष नावाच्या दोन उपग्रहांचा प्रस्तावही पुढे आला आहे. गुरुत्वीय लहरींबरोबर येणारे स्फोट पकडणं हा त्याचा हेतू.

पुढची दुर्बीण कोणती?

नासाची कोसी, २०२७ मध्ये सोडण्याची योजना आहे. ती २ लाख ते ५० लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा पट्टा पाहील. हा पट्टा आजवर उपेक्षित राहिला, कारण या ऊर्जेचे किरण शोधयंत्रात टप्पे खात जातात आणि त्यांची दिशा काढणं किचकट होतं. पण ताऱ्यांत नव्याने घडलेल्या किरणोत्सर्गी ॲल्युमिनियम आणि टायटॅनियमच्या खुणा इथेच दिसतात. आकाशगंगेच्या मध्यात पॉझिट्रॉन नष्ट होताना निघणारा ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रकाशही इथलाच, आणि ते पॉझिट्रॉन येतात कुठून हे कोडं अनेक दशकं पडून आहे.

माझी मुलगी बारावीत आहे. तिला यात काही करता येईल?

आजपासून येईल. फर्मीच्या सगळ्या नोंदी आणि त्या वाचायची संगणक-साधनं नासा फुकट देते. पायथन ही संगणकभाषा थोडी आली की खेकडा तेजोमेघाचा किंवा वेला पल्सारचा आलेख घरच्या लॅपटॉपवर काढता येतो. वेला हा गॅमा आकाशातला सर्वात ठळक कायमस्वरूपी स्रोत आहे, तिथूनच सुरुवात करावी. नुसता संगणक द्यायचा असेल तर आइन्स्टाइन ॲट होम हा उपक्रम आहे. लोकांच्या घरच्या संगणकांनी फर्मीच्या नोंदींतून खरोखर नवे पल्सार शोधले आहेत.

शिकायचं झालं तर घराजवळच सिमरोलला आयआयटी इंदूरमध्ये खगोलशास्त्र आणि अवकाश अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. पुढे पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था, मुंबईची टाटा संस्था, भाभा केंद्र. बारावीच्या वर्षी भौतिकशास्त्रातलं विद्युतचुंबकत्व आणि गणितातली संभाव्यता पक्की करून घ्यावी. मोजके फोटॉन हाती असताना त्यांच्यावरून कितपत ठाम बोलता येतं, हे संभाव्यताच सांगते, आणि गॅमा खगोलशास्त्रात रोजचं काम त्याचंच असतं.